पुरेसं

पश्चिम फॉकलंडवर, छोट्या विमानातून उतरून
सर्वेक्षणाचा पोरगा आलाय. मॉर्वेन त्याला चहा देते.
प्रश्न चौथा: घरचं इंटरनेट पुरेसं आहे का?
हो किंवा नाही. खूण करा.

अठरा तारखेलाच डेटा संपतो, ती सांगते.
पीठ असतं तर वाटीभर उसनं आणलं असतं.

रात्री बारा ते सहा मात्र मोजत नाहीत.
मग गजर लावून उठायचं, लोकरीचे मोजे चढवून
पडद्यासमोर बसायचं.
नातीचा व्हिडिओ ठिबकत उतरतो;
सत्तेचाळीस टक्क्यांवर तिचा पाय
अधांतरी,
साउदॅम्प्टनच्या गालिच्यावर तो टेकेपर्यंत
इथे मेंढ्या उठतात.

"मग 'नाही' लिहू?"

ती खिडकीकडे बघते.
खाडीपलीकडे डुगलचं घर.
बाराच्या ठोक्याला त्याचाही दिवा लागतो रोज,
तिचा विझला की विझतो.
त्याचं परदेशात कुणी नाही.
संगणक तर त्यानं गेल्या हिवाळ्यातच
भाच्याला देऊन टाकला.

"थांब जरा," मॉर्वेन म्हणते,
"पेन नको.
पेन्सिल आहे का तुझ्याकडे?"