अडतीस नंबर

धुळ्यात, पारोळा चौफुलीजवळ,
माझं काउंटर साडेसात फुटांचं.
त्याच्या सनमायक्यावर कोपरांनी घासून घासून
पांढरे पडलेले दोन ठिपके. बावीस वर्षं.

लोक आभाळ बघून सांगतात, मी बिलबुक बघून.
एअर फिल्टर संपले की समजायचं
रस्त्याचं काम पुन्हा उकरलंय.
रावेरकडची केळी निघाली की कमानपट्टे,
कपाशी निघाली की व्हीलबेअरिंग,
कारण कापूस हलका म्हणून कुणी कमी भरत नाही.
मे महिन्यात फॅनबेल्ट, रेडिएटरचे पाइप,
आणि हाताला फडकं गुंडाळून आलेले ड्रायव्हर,
अर्धा ग्लास पिऊन उरलेला डोक्यावर ओतणारे.
सारंगखेड्याच्या यात्रेला नुसते हॉर्न.

तर भिकन मिस्तरीचा लोकेश
आयटीआय झाला, चाकणला लागला.
क्लचप्लेट तपासायची, पुसायची,
पेटीत घालायची, पेटीच्या बुडाला शिक्का मारायचा.
त्याचा शिक्का अडतीस.
दिवाळीला आला तेव्हा एवढंच सांगून गेला,
पगार सांगितला नाही.

तेव्हापासून मिस्तरी माल घ्यायला आला
की आधी पेटी उलटी करायचा.
"लोकेशना शिक्का शे का?"
"शे ना भो."
मग घासाघीस नाही.
अडतीस नसला तर म्हणायचा, दुसरी दाखव,
ही डुप्लिकेट वाटते.
मी शिडी लावून फळीवरच्या सगळ्या पेट्या उतरवायचो.
तिकडे गॅरेजात गाडी जॅकवर,
गिऱ्हाईक उन्हात.

मग एकदा ट्रान्सपोर्टचं खोकं फोडलं, आठ पेट्या.
एक्कावन्न. एक्कावन्न. एक्कावन्न.
पुढच्या मी बघितल्या नाहीत.
मिस्तरीला बोललो नाही काही,
त्यानंही विचारलं नाही.
पेटी उलटी न करता पिशवीत टाकली
आणि पाच रुपयांसाठी भांडला.

महिन्याभरानं लोकेश दुकानात.
अकरा महिन्यांचा कागद होता, तो संपला.
शेठ म्हणाले, बस गल्ल्याशेजारी, मोबाइलच्या ऑर्डरी बघ.
गॅरेजवाले आता बोटानं मागवतात,
भाव दिल्लीचा, माल उद्या दारात,
आणि काउंटरवर आम्ही चौघं होतो, ते दोघं.
मी तोंडपाठ नंबर सांगतो, तो कॉम्प्युटरात टाकतो,
कुठली गाडी, कुठलं साल, कितवी फळी.
रोज शंभर.
संध्याकाळी डोकं हलकं वाटतं.
हे चांगलं की कसं, कुणाला विचारावं.

परवा देवपुरातल्या एक अंगणवाडीच्या बाई
बॅटरीची स्कूटर ढकलत आल्या.
तिला प्लग नाही, क्लच नाही,
कार्बोरेटर नाही, सायलेन्सर नाही.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी काउंटरवर हात ठेवून नुसता उभा.
लोकेश रस्त्यावर उकिडवा बसला,
चाक फिरवलं, कान लावला.
"ब्रेकशू," म्हणाला. "बाकी काही नाही."
म्हणजे थांबायला अजून काहीतरी लागतं.

काल वरची फळी मोजायला घेतली.
एका जुन्या टेम्पोची क्लचप्लेट निघाली.
ते टेम्पो आता भंगारात, चार असतील साक्री रोडला,
तेही कोंबड्यांना सावली देत.
मी म्हणालो, डेड स्टॉकमध्ये टाक.
त्यानं पेटी उलटी केली.
थोडा वेळ काही बोलला नाही.
मग कॉम्प्युटरात लिहिलं, नग एक.
शर्टाच्या बाहीनं धूळ पुसली
आणि पेटी ठेवून दिली परत तिथंच,
आडवी,
बूड बाहेरच्या बाजूला.