लोखंडाची कुळी

मासे साफ करताना सुरी निसटली
आणि बोट उघडलं.
औने तुर्पेइनेननं नळ सोडला नाही, पट्टी शोधली नाही.
माझी मूठ आपल्या मुठीत धरून
ती सुरीकडे बघत पुटपुटू लागली:
माहितीये मला तू कोण ते.
दलदलीतला लाल गाळ तू,
फावड्यानं उपसलेला, बेडकांनी तुडवलेला,
भट्टीत भोकाड पसरलेला.
आज धार आली म्हणून विसरलास?

थोडक्यात, सात पिढ्यांचा उद्धार.
रक्त थांबलं.
(मी घट्ट दाबलं होतं, तेही खरंच.)

इलोमान्त्सीच्या जुन्या माणसांना हे ठाऊक असतं:
जे जखम करतं त्याचा जन्म सांगता आला
की त्याचा जोर ओसरतो.
विस्तवाचा, सापाचा, हाडं गोठवणाऱ्या थंडीचा,
प्रत्येकाच्या जन्माचा पाठ वेगळा.
स्युन्त्यू म्हणतात त्याला.
शेवटचा स्वर जरा घसरला की स्युन्ती, म्हणजे पाप.
आरोग्यकेंद्राच्या खिडकीत बसून पहिलं वर्षभर
मी येईल त्याला पापाची तारीख विचारत होते.
लोक आठवून आठवून सांगत.

आमच्याकडे म्हणतात, मी औनेला सांगितलं,
ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये.
ती म्हणाली, तुमचे ऋषी चावत नसतील.

तिचा स्वतःचा जन्म सौनाघरातला.
तेव्हा तिथेच व्हायचे. ऊब असे, पाणी असे,
भिंतींवर वर्षांची काजळी.
तीन हिवाळे आधी त्याच फळीवर
तिच्या आजोबांना शेवटची अंघोळ घातलेली.
मग युद्ध झालं, सरहद्द सरकली.
सौनाघर जागेवरच राहिलं, देश निघून गेला.
आता संगणकात तिच्या नावापुढे
जन्मदेश म्हणून भलताच शेजारी उमटतो
आणि दर तपासणीला ती माझ्या खिडकीशी भांडते:
मी त्या देशात जन्मले नाही,
तो देश माझ्यानंतर तिथे आला!
मी मान डोलावते.
रकाना खोडायचा अधिकार मला नाही.

कॉफी ओतताना तिनं विचारलं,
तुमच्या भाषेत कसं असतं?
मी म्हटलं, आमचा जन्म एका दिवसात उरकत नाही.
जन्मात असं पाहिलं नाही म्हणतो आम्ही.
जन्माची अद्दल घडते.
कुणाचा जन्म चुलीपुढे जातो.
खून केला तर जन्मठेप होते...
तिनं कप खाली ठेवला.
आईच्या पोटात परत?
नाही गं, मरेपर्यंत तुरुंगात.
जन्म म्हणजे अख्खं आयुष्यच.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
म्हणजे तुझा अजून चालूच आहे, म्हणाली.
बेचाळीस वर्षं कळा.
बिचारी तुझी आई.

आईचं मी तिला सांगितलेलं नव्हतं.
त्यानंतरही सांगितलं नाही.
बोट ठणकत होतं, तेवढं मात्र म्हटलं.

बाहेर तळं धरत होतं.
बर्फ तयार होतो असं इथे कुणी म्हणत नाही,
बर्फ जन्मतो म्हणतात.
लांबून, तळातून, कण्हल्यासारखा एक आवाज आला,
मग थांबला, मग जवळून आला.
औनेनं खिडकीला कान लावला,
हातानं मला गप्प केलं,
आणि मोजलं काहीतरी मनात.

पाय ठेवू नकोस अजून, म्हणाली.
चार दिवस तरी.