उतरती मात्रा

नंदेसरीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
मी एक पांढरी भुकटी तपासते.
तीन षटकोन, आणि शेवटी
जागा अपुरी पडल्यासारखा एक पंचकोन.
एकदा लाईट बिलाच्या पाठीवर काढून बसले होते,
शेजारच्या कर्णिकबाई म्हणाल्या, नवी रांगोळी वाटतं?

रानातल्या कडू कंदातून निघतो हा सांगाडा,
वरणावरच्या तुपातही त्याचं एक भावंड असतं.
इथे एक जोडबंध जास्त, तिथे एक ऑक्सिजन कमी,
एवढ्यावरून कुणी मिसरूड फुटवतं,
कुणी गर्भ धरून ठेवतं,
कुणी सूज उतरवतं.
यंत्राच्या कागदावर प्रत्येकाचं शिखर
आपापल्या मिनिटाला उगवतं.
आमचं सातव्या.

मार्चमध्ये भालचंद्रचे हात वर जाईनात.
शर्टाची बाही म्हणजे डोंगर.
डॉक्टर नाणावटींनी चष्मा काढून चिठ्ठी लिहिली,
मी उलट्या बाजूनेच नाव वाचलं.
बेन, तमे तो जाणो छो, म्हणाले.
हो, जाणते. उकळबिंदूपासून जाणते.

तिसऱ्या दिवशी तो आरशासमोर उभा राहिला
आणि स्वतःचा भांग स्वतः पाडला.
मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

दुष्परिणामांचा कागद आम्हीच छापतो,
मोहरीएवढ्या अक्षरांत.
चेहरा गोल होणे. भूक वाढणे. झोप न येणे.
त्यात हे नसतं की रात्री अडीचला
तो सेवउसळ करायला घेईल,
वाटाणे भिजवले नाहीत म्हणून माझ्यावर ओरडेल,
मग ट्रंकेतली सगळी पासबुकं वर्षवार लावून
मला हलवून उठवेल:
एक्क्याऐंशीचं सापडलं!
हेही नसतं की सुरसागरच्या काठावर
त्याचा शाळासोबती ओळख न पटता
शेजारून निघून जाईल,
आणि तो हाक मारणार नाही.

मूत्रपिंडांवर दोन ग्रंथी असतात, टोपीसारख्या.
बाहेरून आयता माल येऊ लागला
की त्या काम टाकून निजतात.
म्हणून उतरायचं ते जिन्याने.
वीस. साडेसतरा. पंधरा.
साडेबाराला खांदे कुरकुरले, परत पंधरा.
दिवाळीला दहा.
पुढे गोळीचे ब्लेडने तुकडे करायची मी,
देवघराच्या उजेडात,
शतांश ग्रॅम तोलणारी माझी बोटं
तिथे मात्र चुकायची.

उत्तरायणच्या आदल्या आठवड्यात
त्याने मला न सांगता गोळ्या बंद केल्या.
गच्चीवर गेला, दोन्ही हात वर,
फिरकी पुतण्याकडे,
कापलं रे, कापलं, असा ओरडला की मी खालून हसले.
संध्याकाळी जिन्यात बसला तो उठेना.
ओकारी, थंड घाम,
नाडी माझ्या बोटाखाली शोधावी लागत होती.
सयाजीच्या वॉर्डात सलाईनमधून
तेच औषध त्याच्या हातात जाताना मी बघत राहिले,
बाहेर अजून फटाके वाजत होते.
पुतण्याच्या बोटाला मांज्याची चीर,
तोच रडत होता सगळ्यांत जास्त.

मी भांडले नाही. घरी आल्यावर
डबीवर वारांची नावं लिहिली, एवढंच.
त्यानेही काही विचारलं नाही.
पाच. चार. साडेतीन.
एका पायरीला महिना, कधी दीड.

श्रावणात सकाळी आठचं रक्त द्यायचं होतं.
आदल्या दिवशी गोळी नाही,
रात्रभर मी त्याच्या पोटावर हात ठेवून जागी,
जणू तिथून काही ऐकू येणार होतं.
चारच्या सुमाराला माझा डोळा लागला.
तेव्हाच कधीतरी आत कुणी उठलं असावं,
चुलीत पहिली काडी सारली असावी.

रिपोर्ट मी रिक्षातच उघडला.
किती आलं?
अकरा.
बरं आहे का?
घरचं आहे, म्हणाले.
त्याला ते नीट कळलं की नाही कुणास ठाऊक,
पण कागद त्याने माझ्याकडून मागून घेतला,
घडी घालून खिशात ठेवला,
आणि घरी आल्यावर
ट्रंक उघडून बसला.