बोट ठेवा

नोव्हेंबर लागला की आमच्या काळाचौकीच्या शाखेत
माणसं आपण जिवंत असल्याचं सांगायला येतात.
काउंटर नंबर चार. तिथे मी बसते.
टोकनचं यंत्र बहुतेक बंदच,
म्हणून रांग आपली आपण लागते,
काठीवाले पुढे, बाकीचे मागे.

भागूजी कासारे, हवालदार, निवृत्त.
शिवडीहून येतात, बसने.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी
आणि अगदी आत पेन्शनचं पुस्तक,
एकही कोपरा न दुमडलेलं.

मी म्हणते, काका, बोट ठेवा.
ते ठेवतात. यंत्र लाल.
दुसरं ठेवा. लाल.
माझ्या ओढणीने पुसते, पुन्हा ठेवा. लाल.
उजव्या हाताच्या रेषा गोदीच्या फाटकाने खाल्ल्या,
फौज सुटल्यावर वीस वर्षं तीच साखळी, तोच अडसर.
ज्यांच्या नोकरीत कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती
त्यांच्या बोटाला आता यंत्रावर जागा नाही.

डाव्या हाताचं बघू या, म्हणते,
आणि मग दिसतं,
डावीकडची दोन बोटं पहिल्या पेरापाशीच थांबलेली.

"ती वर राहिली," ते म्हणतात,
गावी छत्री विसरून आल्यासारखं.

वर म्हणजे कुठे, मी विचारत नाही.
वर म्हणजे बर्फ, एवढं मलाही कळतं.
माझ्या ओळखीचा बर्फ म्हणजे ससून डॉकवरची लादी,
फोडून पापलेटांवर पसरलेली,
दुपारपर्यंत पाणी.
तिच्यावर रात्रभर कुणी उभं राहत नाही.

त्या उन्हाळ्यात मी दहावीच्या क्लासला जायचे.
बातम्यांत डोंगर दिसायचे, धूर दिसायचा,
आणि माझा अभ्यास मोडू नये म्हणून
आई आवाज कमी करायची.
आवाज कमी व्हायचा.
आमच्या खोलीतला.

मला काहीतरी म्हणायचं होतं त्यांना.
पण आपल्यात काय म्हणतात?
घरच्या माणसाला आपण थँक्यू म्हणत नाही
आणि आभार म्हटलं की डोळ्यांपुढे येतं
मंडळाच्या कार्यक्रमातलं आभारप्रदर्शन:
एक जण माइकवर यादी वाचतोय,
मंडपवाले, लाउडस्पीकरवाले, वडेवाले,
आणि लोक खुर्चीखाली पायाने चप्पल चाचपतायत.
सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या गच्चीवर
मीही चाचपली आहे.
राष्ट्रगीत संपलं होतं तेव्हा,
एवढीच माझी बाजू.

शेवटी मॅनेजरच्या खोलीतून डोळ्यांचं यंत्र आणलं.
वायर पुरेना. टेबल सरकवलं.
काका, डोळा उघडा ठेवा.
हलायचं नाही. पापणीसुद्धा नाही.

"ते येतं मला," ते म्हणाले.

मोतीबिंदू उतरू लागलेला एक डोळा
त्या इवल्याशा काचेकडे लागला
आणि इतका लागून राहिला
की शिपाई हातातला चहा घेऊन तसाच थांबला.
यंत्र हिरवं झालं.
पावती आली, शाई फिकट: जीवित.

मी ती फाडली, घडी न घालता दिली,
आणि काय झालं माहीत नाही, उभी राहिले.
नुसतीच.
गुडघा ड्रॉवरला आपटला, स्टेपलर पडला.
रांगेतून एक बाई करवादली,
"झाला वाटतं यांचा जेवणाचा टाइम!"

भागूजी कासाऱ्यांना कळलं.
पिशवीत पिशवी घालणारे हात थांबले,
पाठ, होती तिच्यापेक्षा जरा सरळ झाली,
मोजून दोन श्वास.
मग नेहमीच्या आवाजात म्हणाले,
"बसा, ताई, बसा.
मागे माणसं आहेत."