वाकडा सुळा

खारीवाव रोडवर, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर,
एकवीस वर्षं मी कवळ्या करते.
फळीवर प्लास्टरची तीनशे तोंडं,
प्रत्येकाखाली पेन्सिलीनं नाव.
माणूस मला आधी जबड्यानं आठवतो, मग चेहऱ्यानं.

जूनमध्ये व्हिडिओ आला. एक्केचाळीस सेकंद.
माझी पाटी, माझा जिना,
मग घरात बसून पंचालांचा ध्रुविल, हात नाचवत :
ही बाई स्मशानातून दात आणते.
मागे ढोल, कोपऱ्यात हसरी कवटी.
दुपारपर्यंत बावीस हजार माणसं.

भांडण आठशे रुपयांचं.
त्याच्या आजोबांच्या कवळीचे राहिलेले,
मी मागितले होते, चारचौघांत.
चारचौघांत मागायला नको होते, एवढं मान्य.

मीही फोनसमोर दातांची पाकिटं धरली,
कंपनीचं नाव, रंगाचा नंबर, बिल.
माझा व्हिडिओ एकोणीस वेळा पाहिला गेला.
त्यातल्या सहा वेळा माझी बहीण.

निमकर वकिलांनी चहा पाजला.
नुसती नोटीस अकरा हजार.
दाव्याचा आकडा ते तोंडानं बोलले नाहीत,
कागदावर लिहिला आणि कागद माझ्याकडे फिरवला.
अकरा हजार म्हणजे चार कवळ्या, खालची वरची धरून.
त्या महिन्यात आली होती एक,
तीही भरूचहून, जिथं अजून कुणी पाहिलं नव्हतं.

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात फुकट मदत मिळते, कुणी म्हणालं.
कारकुनानं पान उलटलं, पुन्हा उलटलं :
नवरा मारतो का? पोटगी हवी का?
अब्रूचं ह्यात बसत नाही बहुतेक, बेन.
बुधवारी साहेबांना विचारा.
दोन बुधवार साहेबांची खुर्ची मी पाहून आले.

तक्रारीचं एक बटण असतं, फोनमध्येच.
कारण निवडा, म्हणतं.
हिंसा. नग्नता. जनावरांचा छळ.
जनावरांपाशी मी बराच वेळ थांबले.

दाताच्या कण्या केल्या, असं आई म्हणायची.
माझ्याकडे त्या डबाभर आहेत, घासून उरलेल्या.
पोलीस चौकीत आणखी थोड्या केल्या.

रात्री आवाज बंद करून बघायची सवय लागली.
ढोल नाही, कवटीकडे लक्ष नाही.
आणि एका रात्री, एकोणतिसाव्या सेकंदाला,
ध्रुविलच्या खांद्यामागे, झोपाळ्यावर
त्याचे आजोबा पेरू खात होते.
कच्चा, हिरवा पेरू.
कचकन तोडला त्यांनी आणि हसले कुणाकडे तरी,
उजवा सुळा वाकडा.

तो मी वाकडा बसवला होता.
“सरळ करू नका बेन,
आरशात मला मी सापडणार नाही.”
दोन दुपारी गेल्या त्या एका दाताच्या तिरपेपणात.
लाखभर लोकांनी पाहिला तो पेरू.
दिसला मला एकटीला.
कुठल्या कोर्टात दाखवू,
आणि दाखवायची फी किती?

नवरात्रीनंतर जिन्यात पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली.
ध्रुविल. हातात हिंगाची डबी,
डबीत रुमाल, रुमालात कवळी, मधोमध दुभंगलेली.
“दादा चार दिवस खिचडीवर आहेत.”
मग फरशीकडे बघत,
“ते काढलं मी, आंटी. पण दुसऱ्यांनी टाकलंय,
सुरतेत, राजकोटात. ते माझ्या हातात नाही.”

माझ्या तोंडात बरंच काही आलं होतं,
चार महिने चावून बारीक केलेलं.
मी म्हटलं, “शुक्रवारी ये.
साडेतीनशे. आणि मागचे आठशे.”
पावती लिहिली. त्याचं नाव, माझं नाव, तारीख.
खाली, त्यानं न विचारता :
दात नवे, कंपनीचे.
त्यानं ते दोनदा वाचलं आणि घडी खिशात घातली.

भेग भरून झाली आहे. कडा घासते आहे.
हिरडीला कुठं टोचायला नको.
सुळ्याला हात लावलेला नाही.