नव्वद ग्रॅम

मानेवाड्याच्या मागे, तिसऱ्या माळ्यावर
मीटर फिरत नव्हतं.
मी मशीनमध्ये 'घर बंद' टाकलं
आणि दाराआडून शिट्टी आली.

शेजारीण म्हणाली, चार दिवस झाले जी,
रातोरात गेले ते, भाडं बुडवून.
घरमालकानं कुलूप तोडलं.
मोरीत पिंजरा, कोरडी वाटी, वाळलेली शितं,
आणि एक कॉकाटील,
छाती स्वतःच्याच चोचीनं सोललेली.
गालावरचा नारिंगी टिकला तेवढा शाबूत.
घेऊन जा बापा, घरमालक म्हणाला,
मी कुठं सांभाळून राहिलो याले.

धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी
किराणा तोलतात तसं त्याला तोललं.
अडुसष्ट ग्रॅम. नव्वद पाहिजे.
औषध थोडंच दिलं. म्हणाल्या,
हात घालू नका. दोन्ही डोळ्यांनी बघू नका,
दोन डोळे समोर असतात ते खाणाऱ्याचे.
घरी येताना सिग्नलवर
मी आरशात माझे डोळे पाहिले.

तिसऱ्या दिवशी ते बोललं.
एकच शब्द, जाड, पुरुषी, दारूच्या वासाचा :
चूप!
कुंदाच्या हातातली पळी थांबली.
आमच्या घरात असा आवाज
कुणी काढला नव्हता,
म्हणजे बऱ्याच वर्षांत.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी पिंजऱ्याकडे.

मग मी पाटावर बसू लागलो
रोज संध्याकाळी, भिंतीकडे तोंड करून,
पाठ त्याच्याकडे.
बोलायला काही सुचेना.
दिवसभराचे आकडे होते, तेच वाचले :
चार हजार दोनशे अकरा,
नऊशे सत्तर,
गल्ली सहा, घर दोन, कुत्रा आहे, वाचता आलं नाही.
हळू, एका पट्टीत,
जसं कुणालाच काही मागायचं नाही.

पंधरा दिवसांनी मागे राळे फुटल्याचा आवाज.
मी वळलो नाही.
महिन्याने चोच घासल्याचा.
कुंदा म्हणाली, झोपायच्या आधी करतात तसं,
जेव्हा बरं वाटत असते.
तिला कसं ठाऊक, मी विचारलं नाही.
ती दुपारी त्याच्याशी काय बोलते
तेही नाही.

मे महिन्यात पारा शेचाळीसवर.
कूलरच्या वाळ्याला पाणी सोडलं
की ते तुरा उभारून त्या वासाकडे मान करायचं.
पिंजऱ्याचं दार आम्ही उघडंच ठेवत होतो,
दारात यायचं, एक पाय बाहेर,
जसा बिल भरायच्या रांगेत माणूस
पुढे जाऊ की नको.

एका रात्री लाइट गेली.
अख्खं नंदनवन काळं.
कूलर घरघरत थांबला आणि
सगळ्या घरांतून एकदम माणसांचे आवाज आले.
आकडे दिसत नव्हते म्हणून
मी पाठ असलेले म्हणत बसलो, माझ्या जुन्या घराचे,
लग्नाच्या वर्षीचे, शंभराच्या आतले.
फडफड झाली, छोटी, वाकडी,
आणि मनगटावर नखं.
थंड नव्हती. पिन टोचल्यासारखी पण नव्हती.
डॉक्टरीणबाईंचा काटा असता तर
सांगता आलं असतं किती.
मी श्वास अर्धाच घेतला.
कुंदा अंधारातच म्हणाली,
बसलं का?
मी हो म्हटलं नाही.
हो म्हटलं असतं तर हात हलला असता.

मी विजेच्या खात्यातला माणूस,
आणि पहिल्यांदाच मनात म्हटलं,
नका आणू इतक्यात.

सकाळी झाडूची मूठ भिंतीला लागली,
ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात.
चूप! चूप!
कालचं काही शिल्लक नाही.
कुंदानं झाडू खाली ठेवला,
दाराआड, जिथून दिसणार नाही,
आणि माझा पाट सरकवून दिला.
ड्यूटीला अजून वीस मिनिटं होती.
भिंतीकडे तोंड केलं.
गल्ली चार, घर नऊ,
पाच हजार एकशे तीन.