रूळ येण्याआधी

गाडी चाळीस सालची, फोर्ड, दोन दारांची.
बाबांनी अर्ध्या मक्याच्या पैशात ती घेतली
आणि उरलेल्या अर्ध्यात आईची समजूत काढली,
असं मिलोस सांगतो. मिलोस पुष्कळ सांगतो.

पुढची दोन्ही चाकं एकाच आसावर,
एक घडीव दांडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
वर आडवा एकच पाटा, आक्रसलेल्या भुवईसारखा.
डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवं तिरकं होई,
न केलेल्या चुकीपायी.
आमच्या घरातही साधारण तसंच होतं.

माझ्या मणक्यात आता दोन स्क्रू आहेत.
लिंकनच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरला,
म्हणाला, ट्रॅक्टर नको, घोडा नको, धक्का नको.
गाडीचं त्याने विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.

मिलोस म्हणाला, विकून टाक.
मी म्हटलं, कापू या.
तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी
ग्राइंडर घेऊन दारात उभा, चेहरा तसाच.

फेब्रुवारी. शेडमध्ये केरोसीनचा हीटर,
बाहेर प्लॅट नदी काठाकाठाने गोठलेली.
गाडी चार घोड्यांवर, नाकाडं उतरवलेलं,
आणि आधी चाकाचा मध्य जमिनीवर आणायचा.
ओळंबा सोडला. कितीतरी वेळ तो डुलत राहिला
हीटरच्या पंख्याने, मग थांबला.
मिलोसने फरशीवर खडूची फुली मारली.
"एकदा कापलं की हा बिंदू इथेच उरणार," म्हणाला,
"गाडीत नाही."
त्या फुलीवर मग आम्ही पाय ठेवला नाही.
मांजराने ठेवला.

कर्ण मोजले. दोन सुतांचा फरक.
पुन्हा मोजले. तेवढाच.
रंग खरवडला तर चासीच्या डाव्या टोकाला
लोखंडात एक घडी, ठोकून सपाट केलेली,
वर काळा रंग, बाबांच्याच हातचा, ओघळ ठेवणारा.
कधीचं हे? मिलोसने बोटं मोजली.
त्रेसष्टचा हिवाळा, आई महिनाभर
ओमाहाला मावशीकडे राहिली होती,
निदान आम्हाला तसं सांगितलं होतं.
आम्ही दोघं त्या घडीकडे बघत बसलो.
कॉफी निवली.

मग ठिणग्या.
नवा आडवा भक्कम पट्टा दोन रुळांमध्ये बसवला,
इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचं,
नाहीतर लोखंड रागाने वाकतं.
वरचा हात, खालचा हात, दोन्ही बाजूंना,
खांद्याच्या खोबणीत फिरावा तसा बॉलजॉइंट,
आणि प्रत्येक चाकाला स्वतःची स्प्रिंग,
स्वतःचा खड्डा.

शेजारचा म्हातारा क्राटोखविल
आलुबुखाराची पावं घेऊन आला,
भिंतीला टेकवलेल्या जुन्या आसाभोवती एक फेरी मारली,
म्हणाला, ही आता फोर्ड राहिली नाही.
मी म्हटलं, मीसुद्धा नाही, बसा.
तो बसला. पावं त्यानेच जास्त खाल्ली.

एप्रिलात बाहेर काढली.
धान्याच्या कोठाराशी रस्ता रूळ ओलांडतो,
तिथे बाबा दरवेळी ओरडायचे, "दात मिटा!"
आणि मागच्या सीटवर आम्ही मिटायचो,
कारण एकदा मिलोसने मिटले नव्हते
आणि जिभेचं रक्त त्याच्या रविवारच्या शर्टावर.

मी चालवत होते. फाटक उघडं.
रूळ आले.
रूळ गेले.
जणू कुणी खालून हलकेच म्हणालं, हं.

बाजूला पाहिलं.
मिलोसचा जबडा आवळलेला,
गालावरची शीर उठलेली.
माझीही दाढ दुखत होती.
पार पाण्याच्या टाकीपर्यंत
दोघांपैकी कुणीच तोंड उघडलं नाही.